सूर्याकडे पाठ करून पाहिलेला सूर्योदय

मुलांनो, सूर्योदयाचा फोटो काढायचा तर तोंड कुठल्या दिशेला करायचं? ‘पूर्वेला!’ असं माझ्या चौथीच्या वर्गानं एका सुरात सांगितलं. मीही तेच सांगितलं असतं. पण गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी सूर्याकडे चक्क पाठ करून उभी राहिले आणि आजवरचा सगळ्यात सुंदर सूर्योदय पाहिला!

कुठे म्हणता? ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडा. मधोमध जो कोरडा, तांबड्या वाळूचा प्रदेश आहे ना, तिथं उलुरू नावाचा एक प्रचंड खडक आहे. उंची 348 मीटर, म्हणजे जवळजवळ पाच कुतुबमिनार एकावर एक! पायथ्यानं फेरी मारायची तर नऊ किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. आणि हा तर नुसता वरचा भाग, बाकीचा जमिनीखाली आहे.

माझी बहीण मेलबर्नला राहते. तिच्याबरोबर मी उलुरूला जाणार हे कळल्यावर वर्गातून मागणी आली, “बाई, फोटो आणा. सगळ्या बाजूंनी!” मी कबूल केलं.

आपल्याकडे मे म्हणजे उन्हाळा, पण तिथं तेव्हा थंडी पडू लागलेली असते. पहाटे अंधारातच आम्ही वाळूच्या टेकाडावर पोचलो. सातवीतला माझा भाचा कुडकुडत म्हणाला, “मावशी, तोंड तिकडे नको, इकडे कर. सूर्य आपल्या मागून येणार.”

समोर उलुरू राखाडी, झोपलेल्या हत्तीसारखा. मग तो जांभळट झाला. सव्वासातच्या सुमारास माथ्यावर लाल रेघ उमटली आणि बघता बघता उजेड वरून खाली उतरू लागला. सारा खडक निखाऱ्यासारखा फुलला! काही मिनिटांतच तो रंग ओसरून नारिंगी झाला.

असं का होतं? सकाळचा सूर्यप्रकाश तिरपा येतो. त्याला हवेतून जास्त लांबचा प्रवास करावा लागतो. वाटेत निळा रंग विखरून जातो आणि तांबडा-नारिंगी उरतो. शिवाय हा वालुकाश्म मुळात राखाडी. त्यातल्या लोखंडाला हवा-पाणी लागून तो वरून गंजला आहे, पावसात राहिलेल्या खिळ्यासारखा. आपल्या कोकणातल्या जांभ्या दगडाचा लाल रंगही लोखंडाचाच. लाल खडकावर लाल उजेड, मग काय विचारता!

फोटोसाठी भाच्यानं मला तीन गोष्टी शिकवल्या. त्या तुम्हीही टिपून ठेवा. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी पोचायचं. हात हलू नये म्हणून फोन कठड्याला टेकवायचा. आणि फ्लॅश बंद ठेवायचा, कारण त्याचा उजेड चार पावलं जातो, डोंगरापर्यंत नाही!

ऊन चढल्यावर आम्ही पायथ्याच्या वाटेनं निघालो. एक सुरेख घळ दिसली. मी पटकन फोटो काढला. भाच्यानं माझी बाही ओढली. “मावशी, ती पाटी वाच ना.”

पाटीवर लिहिलं होतं, की ही जागा पवित्र आहे, इथं फोटो काढू नका. उलुरू हा अनांगू या तिथल्या मूळ रहिवाशांचा. हजारो वर्षं ते तिथं राहत आले आहेत. खडकाची काही कपारं, काही वळणं म्हणजे त्यांना पोथीच्या पानांसारखी. ती जिथं आहेत तिथंच पाहायची, चित्र काढून दूर न्यायची नाहीत. गोऱ्यांनी 1873 मध्ये या खडकाला ‘एअर्स रॉक’ असं नाव दिलं होतं. जमिनीची मालकी अनांगूंना परत मिळाली ती 26 ऑक्टोबर 1985 रोजी. खडकावर चढू नका, अशी त्यांची कितीतरी वर्षांची विनंती होती, तरी लोक चढतच होते. शेवटी 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद झाली.

खरं सांगू? क्षणभर वाटलं, एकच तर फोटो आहे, कोणाला कळणार? वर्गाला दिलेला शब्दही आठवला. पण भाचा माझ्याकडेच बघत होता. आणि वर्गात ‘न विचारता कोणाच्या वस्तूला हात लावू नये’ असं रोज सांगते ती मीच ना? मी फोटो पुसून टाकला.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलांनी सूर्योदयाचे फोटो डोळे विस्फारून पाहिले. मग पहिल्या बाकावरून प्रश्न आलाच, “बाई, मागची बाजू कुठाय?”

मी सगळं सांगितलं, पुसलेल्या फोटोसकट. वर्ग जरा वेळ गप्प राहिला. मग एकजण म्हणाली, “आमच्या आजीच्या देवघरातल्या डब्यालाही आम्ही हात लावत नाही. आत काय आहे, मला माहीत नाही.”

तिला सगळं समजलं होतं. तुम्हालाही समजलं ना?