रात्रीची बस आणि दुपारपासूनची तहान

आपल्या बीदर-भालकीकडच्या बायकांचं एक न लिहिलेलं वेळापत्रक आहे. रात्री पुण्याची स्लीपर असेल तर दुपारच्या जेवणानंतर पाणी बंद, चहासुद्धा अर्धाच कप. आईचं हेच, सासूबाईंचं हेच आणि माझ्याबरोबर कंपनीत कोड लिहिणाऱ्या मुलींचंही हेच. हुमनाबाद, उमरगा करत बस सोलापूरकडे जाते. मध्ये एखाद्या ढाब्यावर थांबते. तिथे पुरुषांना सगळा माळ मोकळा, बायकांना कडी नसलेलं एक दार.

याच बीदरच्या आभाळात हवाई दलाची विमानं घोंगावत असतात. ‘सूर्यकिरण’ चमूचं ठाणं इथलंच. त्यांच्या हॉक विमानात दोघं एकामागे एक बसतात, संडास नसतो. चार आसनी खाजगी सेसनामध्येही नसतो. लांबच्या उड्डाणात वैमानिक शोषक जेलची पिशवी वापरतात. पुरुषांचं त्यात भागतं. पण पट्ट्यांनी आवळलेल्या सूटमध्ये बाईला ते महाकठीण. म्हणून अमेरिकी हवाई दलातल्या कित्येक महिला वैमानिक उड्डाणाआधी पाणीच कमी करायच्या. त्याला तिकडे नाव आहे ‘टॅक्टिकल डिहायड्रेशन’, म्हणजे डावपेच म्हणून तहानलेलं राहणं. हे वाचून मला आधी हसूच आलं. आमच्या आत्याला हा डावपेच लग्नाआधीपासून येतो!

पण तिथे तो जिवावरचा खेळ आहे. लढाऊ विमान झटक्यात वळलं की रक्त पायांकडे ओढलं जातं. अंगात पाणी कमी असेल तर डोळ्यांपुढे लवकर अंधारी येते. अखेर तिथे बायकांसाठी वेगळी साधनं तयार करायला घेतली, पंपानं लघवी पिशवीत ओढून घेणारी. ‘सोसायला शिका’ म्हणून विषय संपवला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

बसमध्ये कुणी बेशुद्ध पडत नाही, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण कमी पाणी आणि तासन्‌तास दाबून ठेवलेली लघवी यांतून जळजळ, जंतुसंसर्ग, डोकेदुखी सुरू होते. लग्नाला म्हणून गेलेली बाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. साखर किंवा बीपी असलेल्या वडीलधाऱ्यांचा धोका जास्त. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका.

आमच्या घरी आता दिवसभर नेहमीसारखं पाणी पितात. बसमध्ये बसायच्या आधीच्या तासात एकदम तांब्याभर नाही, थोडं थोडं. संध्याकाळनंतर चहा नाही. बसमध्ये तहान लागली की घोटभर. उभ्यानं वापरायची कागदी नरसाळी मिळतात, दोन पर्समध्ये असतात. आजींसाठी मोठ्यांचा डायपर. पहिल्यांदा त्या रागावल्या, सोलापूरपर्यंत शांत झोपल्या. आणि जिथे रेल्वे आहे तिथे रेल्वे. 2017 पासून बीदर-कलबुर्गी गाडी धावते, लांब पल्ल्याच्या गाड्यांत निदान संडास तरी असतो.

11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेमुळे कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसचं तिकीट लागत नाही. स्टँडवर बायकांची गर्दी वाढली. स्वच्छ संडास त्या मानानं वाढलेले मला तरी दिसत नाहीत. असोसिएशननं यावर एखादं निवेदन द्यावं. सह्या गोळा करायला मी येईन.

तोवर ड्रायव्हरला सांगायला लाजू नका. मराठी कळलं नाही तर ‘बस निल्लिसि’ म्हणा. आत्यानं परवा गाडी सुटायच्या आधीच विचारलं, “बाबा, नळदुर्गच्या आसपास मला उतरावं लागेल, कुठं थांबशील?” तो म्हणाला, “पंपावर थांबतो, अव्वा.” थांबला. आत्यामागून आणखी सहा बायका उतरल्या.