जुन्या काचेतून बडोदं

बडोद्याचं जुनं शहर तसं आटोपशीर. मधोमध मांडवी आणि चार बाजूंना चार दरवाजे: लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. सकाळी साडेसहाला निघालं तर ऊन चढायच्या आत पायी फिरून होतं. पण आपण तिथून जातो ते स्कूटरवर, हॉर्न वाजवत. यंदा मी तो भाग तीन रविवार पायी पाहिला. निमित्त झालं एका जुन्या लेन्सचं.

अहमदाबादला साबरमतीच्या काठी, एलिस ब्रिजजवळ दर रविवारी गुजरी बाजार भरतो. तिथे जुन्या घड्याळांच्या ढिगाऱ्यात मला व्हिव्हिटारची २८ मिलिमीटरची लेन्स मिळाली. घासाघीस करून बाराशे रुपयांना. व्हिव्हिटार ही अमेरिकन कंपनी स्वतः लेन्स बनवत नसे. जपानी कारखान्यांकडून करवून घेई आणि आपलं नाव घालून विके. लेन्सवरच्या नंबराचे पहिले दोन आकडे बघितले की बनवणारा कळतो: २२ म्हणजे किनो, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. माझी २८ची. निकॉन किंवा कॅनन परवडत नसे अशा घरांमधून या लेन्स एकेकाळी खूप वापरल्या गेल्या. आज त्या कपाटांत पडून आहेत. तुमच्या काकांच्या कपाटातही एखादी असेल.

ती आजच्या कॅमेऱ्याला बसते कशी? जुन्या लेन्सला सेन्सरपासून जास्त अंतर लागतं. माझ्या लेन्सच्या एम ४२ आट्यांना साधारण साडेपंचेचाळीस मिलिमीटर. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात ते अंतर १८ मिलिमीटरच असतं. उरलेलं साडेसत्तावीस मिलिमीटर भरून काढते एक पोकळ धातूची कडी, म्हणजेच अडॅप्टर. त्यात काच नसते, म्हणून ते स्वस्तात मिळतं. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर चालू’ हा पर्याय सुरू करायचा, की झालं. फोकस आणि अ‍ॅपर्चर दोन्ही आपण हाताने फिरवायचं.

मांडवीच्या गर्दीत फोकस फिरवत बसायला वेळ नसतो. तिथे एक जुनी युक्ती चालते. अ‍ॅपर्चर एफ ८ वर आणि फोकस ३ मीटरवर ठेवायचा. माझ्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात साधारण दोन ते सात मीटरांमधलं सगळं स्पष्ट येतं. मग फक्त पावलांनी अंतर सांभाळायचं. पहिल्या रविवारी फुलवाल्या, पितळेची भांडी मांडणारे आणि मांडवीच्या कमानीखालून जाणारा दूधवाला असे मिळाले.

दुसऱ्या रविवारी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात गेले. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या या लाकडी वाड्याच्या भिंती चित्रांनी भरल्या आहेत. कृष्णाच्या कथा आहेत, मराठे-इंग्रज लढाया आहेत, टोपीवाले साहेबही आहेत. आत उजेड कमी. विचारून, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढले. एफ २.८ वर कडा जरा मऊ येतात, एफ ४ वर सुधारतात. पडद्यावर चित्र मोठं करून फोकस लावताना एका घोडेस्वाराच्या पगडीचा पेच दिसला. नुसत्या डोळ्यांनी तो माझ्या नजरेतून सुटला असता. खिडकीचा उजेड थेट काचेवर आला की फोटो धुरकट होतो, कारण जुन्या काचेवरचा लेप आजच्याइतका चांगला नाही. डाव्या हाताचा आडोसा केला की काम भागतं.

तिसरा रविवार दांडिया बाजारातल्या आजोळी. दिवाळीनंतर ते घर पाडून तिथे सहा मजली इमारत होणार आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत, आजीचीही. पुण्याच्या मावशीने निरोप दिला होता, “प्रत्येक खोलीचा फोटो हवा.”

आजी झोपाळ्यावर बसली होती. म्हणाली, “फोनवर काढ की पटकन.”

“थांब गं, फोकस लावतेय.”

मी कडी फिरवत होते तेवढ्यात ती बोलायला लागली. या कोनाड्यात कंदील असायचा. त्या खुंटीला आजोबांची टोपी. माजघरातल्या तुळईवर मामाने खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं, त्यासाठी मार खाल्ला होता. मी तुळईवर फोकस लावला. नाव अजून आहे, शेवटचं अक्षर उलटं. एका खोलीला वीस मिनिटं लागली, पाच खोल्यांना दुपार गेली. प्रत्येक फोटोमागे आजीचं एखादं वाक्य होतं. ती सगळी मी रात्री वहीत उतरवली आणि फोटोंबरोबर मावशीला पाठवली.

तुम्हाला अशी लेन्स घ्यायची असेल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, घेऊ नका. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. कडी अडखळता कामा नये. थोडी धूळ चालते. घरी आणल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ते लागतंच.

आणि तुमच्या पोळीतलं, पेठेतलं एखादं जुनं घर यंदा जाणार असेल, तर लेन्स घेऊन लवकर जा. सोबत घरातलं जे सगळ्यात म्हातारं माणूस असेल, त्यांना न्या. खुर्ची द्या. फोकस सावकाश लावा.