टायरवरचे चार आकडे

आता आपल्या वस्तीतही दारापुढे गाडी दिसू लागली आहे. कुणी सेकंडहॅण्ड घेतली, कुणी कर्ज काढून. हप्ता कसाबसा निघतो, पण टायर बदलायची वेळ आली की कर्त्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. मग “एवढा पावसाळा जाऊ द्या” असे म्हणत दिवस ढकलले जातात. गाडीला लिंबू-मिरची बांधायची नाही, हे आपल्या घरात कुणाला सांगावे लागत नाही. मात्र लिंबाच्या जागी तपासणी यायला हवी, ती येतेच असे नाही.

तपासणीला पैसे पडत नाहीत. टायरच्या खाचांत तळाशी रबराचे लहान आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खाच फक्त १.६ मिलिमीटर उरलेली असते. कायद्याची मर्यादाही तीच. ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारण्याचे काम या खाचाच करतात.

आमची अल्टो ८०० याच अवस्थेला आली होती. २०२५ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला छत्रपती संभाजीनगरहून दीक्षाभूमीला जायचे, समृद्धी महामार्गाने, चारशेहून अधिक किलोमीटर. सोबत माझी वृद्ध आई. मुलीने आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला आहे, म्हणून तिला घेऊन दुकानात गेलो. दुकानदार बोलत होता माझ्याशीच. विचारत होती ती, उत्तर मिळत होते मला! त्याने चकचकीत टायर पुढे केला. ती म्हणाली, “दादा, दुसरी बाजू दाखवा.” डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे होते, २८२०. म्हणजे २०२० सालचा अठ्ठाविसावा आठवडा.

“ताई, वापरलेला नाही, नवाच आहे,” दुकानदार म्हणाला.

“वापरला नसेल, पण पाच वर्षांचा आहे ना?”

रबर गोदामात पडून राहिले तरी म्हातारे होते, कडक होते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनी दिसायला चांगला असला तरी बदलावा, असे टायर कंपन्याच सांगतात. कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, सांगणारा कोण आहे यावर जाऊ नका, स्वतः पारखा. दुकानदार आत गेला आणि त्याच वर्षाचा टायर घेऊन आला. किंमत तीच!

साइज १४५/८० आर १२, पुढे ७४ टी. यातला ७४ म्हणजे एका टायरने पेलायचे वजन, ३७५ किलो. हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये. आयएसआय मार्कही पाहावा.

पैसे दोनच टायरचे होते. पुढचे लवकर झिजतात म्हणून नवे पुढे टाका, असा दुकानदाराचा आग्रह. मुलीने नवे मागे टाकायला लावले, मागचे बरे होते ते पुढे आणले. पावसात मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते, मग स्टिअरिंग हातात राहत नाही. मला हे नवीन होते.

हवा मात्र घरून निघतानाच, टायर थंड असताना भरली. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते. हवा कमी असली की टायर दबून तापतो, आणि समृद्धीवर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी चालते. निघण्यापूर्वी स्टेपनीची हवाही पाहिली, ती निम्मीच होती.