लावणीची पट्टी

सावनेर तालुक्यातल्या खाप्यात खडी गंमत ऐकत वाढलेल्या माणसाला लावणीची जुनी तबकडी अपुरीच वाटते. गमतीत डफ-तुणतुण्यावर शाहिराचं गाणं रात्रभर चालतं, बाईच्या वेशातला नाच्या शब्दाला शब्द भिडवतो, समोरचे लोक त्यात भर घालतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन मिनिटं. चावट ओळीवर हशा पिकायच्या आत पुढची ओळ सुरू.

तरी या तबकड्या एकमेकींशी ताडून ऐकणं हा माझा ध्यास आहे. आधी वेग बघायचा. सुरुवातीच्या कित्येक तबकड्या मिनिटाला नेमक्या 78 फेऱ्यांवर मुद्रित झालेल्याच नाहीत. साथीच्या पेटीचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत असेल, तर वेग बहुधा चुकलेला असतो. तो हळूहळू उतरवत सूर काळी चारवर आणला, की किरटी, उथळ वाटणारी बाई एकदम पोक्त होते. द्व्यर्थी शब्दाच्या अलीकडे तिने घेतलेला श्वासही तेव्हाच ऐकू येतो. सगळा चावटपणा त्या श्वासात असतो.

1925 च्या सुमारास माइक आला. त्याआधी कर्ण्यासमोर खडा आवाज लावावा लागे, ढोलकीचा खर्ज तर नीट उमटतच नसे. कर्ण्यात कुजबुजता येत नाही आणि कुजबुजीशिवाय शृंगारिक लावणी फुलत नाही. म्हणून माझा कौल माइकवर गायलेल्या सुंदराबाई जाधवांना. त्या शब्द दाबत नाहीत, नुसता सोडून देतात. अर्थ ऐकणाऱ्याने उचलायचा.

याच सुंदराबाईंकडून ‘एकच प्याला’तल्या पदांसाठी चाली आल्या. पदं वि. सी. गुर्जरांची, नाटक गडकऱ्यांचं. गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले ते आमच्याच तालुक्यात, सावनेरला. नाटकात तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ केवढा दंगा करतं! माझ्याकडच्या तबकड्यांवर मात्र सिंधूचीच पदं आहेत, बालगंधर्वांच्या गळ्यातली. पिणाऱ्यांचा आवाज त्यांत नाही.

खडी गमतीची जुनी तबकडीही मला आजवर मिळालेली नाही. कुणाच्या माळ्यावर शाहिराची कॅसेट पडली असेल, तर गाणी वाह्यात आहेत म्हणून फेकू नका. जाणत्याकडून उतरवून घ्या. लाखेची तबकडी सापडली, तर लेबल कोरडं ठेवून साध्या पाण्याने, मऊ ब्रशने पुसा. स्पिरिट अजिबात लावू नका. लाख त्यात विरघळते.