आमच्या फियाटचा कुलवृत्तान्त

कोकणात माणसाची एक वेळ नारळाची वाडी नसली तरी चालते, पण कुलवृत्तान्तात नाव हवं. मूळ पुरुष कोण, तो चौलात कधी आला, आल्यावर कोणाशी भांडला, हे सारं त्यात छापलेलं असतं. आमच्याही घरात असा एक जाडजूड ग्रंथ आहे. तो दोनच वेळा उघडतात : लग्न जमवताना आणि वाटण्या करताना. माणसांची एवढी सोय झालेली असताना दारातल्या फियाटला मात्र आगापिछा नसावा, हे मला खटकू लागलं.

त्याला निमित्त सरकारचं. २०२१ साली केंद्र सरकारने मोटारींचे नियम दुरुस्त केले आणि पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप न बदललेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’चा मान दिला. जुना नंबर कायम ठेवता येतो. अट एवढीच की अशी गाडी रोजच्या कामाला काढायची नाही. फक्त प्रदर्शनाला, मिरवणुकीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची.

“म्हणजे आत्ता जाते तिथंच,” सौ. म्हणाली.

चिरंजीव त्याहून स्पष्टवक्ते. “बाबा, पन्नास वर्षं सिद्ध करा. दिवाळीपर्यंत नाही झालं, तर भंगारवाला बघतो.”

पन्नास वर्षं मोजायची पहिल्या नोंदणीपासून. आता आरसी बुक म्हणजे गाडीचा सातबारा. मालक बदलला की फेरफार, कर्ज काढलं की बोजा. पण आमच्या सातबाऱ्याचं पहिलं पान वाळवीनं खाल्लेलं. वाळवीला बाकीची पानं वर्ज्य होती की काय, कोण जाणे! दुसऱ्या पानावर १९७८ सालचे रेवदंड्याचे डॉक्टर, जिल्हा कुलाबा. ते वाचून एक एजंट म्हणाला, “कुलाबा ना? मग इथं कशाला आलात? मुंबईला जा.” १९८१ पर्यंत आपल्या रायगड जिल्ह्याचं नावच कुलाबा होतं आणि तो कुलाबा किल्ला अलिबागच्या समुद्रात अजून उभा आहे, हे त्याला समजावेपर्यंत दोन चहा झाले. पैसे अर्थात मी दिले.

मग चॅसिस नंबरकडे वळलो. आमच्या शेजारच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात. तो पंडितांनी वाचला. आणि बॉनेटखालचा पन्नास वर्षांपूर्वीचा नंबर मात्र खाऱ्या वाऱ्यानं गिळलेला! मिस्त्रीनं रॉकेल लावलं, तारेचा ब्रश फिरवला, वर कागद धरून पेन्सिल घासली. चौथ्या कागदावर आकडे उमटले. आरसी बुकातल्या नंबराशी जुळले, तेव्हा मिस्त्रीनं आणि मी हात मिळवले.

जन्मगाव कुर्ला. शेठ वालचंद हिराचंद, मूळचे सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी तिथं अमेरिकन गाड्या जुळवल्या जात, मग इटलीच्या फियाटशी सोयरीक झाली. १०८९ सी. सी. इंजिनाची ही ‘इलेव्हन हंड्रेड डिलाइट’ १९६४ पासून कुर्ल्याला निघू लागली. फियाटचं नाव सुटल्यावर ती काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. म्हणजे माहेर ट्युरिनचं, सासर कुर्ल्याचं आणि नाव दोनदा बदललेलं. तरी अलिबागेत तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणतात. माहेरचं नाव असं टिकवणारी सून आमच्या कुलवृत्तान्तात तरी नाही. कुर्ल्याला जाऊन पाहिलं. कारखान्याच्या जागी उंच इमारती, आणि आठवण म्हणून प्रीमियर रोड नावाचा रस्ता.

तेव्हा माणसं गाठायची ठरवली. डॉक्टर केव्हाच वारले होते. त्यांचे कंपाउंडर भेटले. एका पावसाळी रात्री बाळंतिणीला अलिबागला नेताना नागावच्या अलीकडे मागच्या सीटवरच मुलगा झाला, ही हकिकत त्यांनी इतक्या बारकाईनं सांगितली की सौ. आत निघून गेली. तो मुलगा आज शाळामास्तर आहे. मुद्दाम येऊन त्यानं गाडीला नमस्कार केला आणि जन्मस्थळासोबत फोटो काढून घेतला. तिसरे मालक श्रीवर्धनचे सुपारीचे व्यापारी. त्यांचा पुरावा सीटखाली अजून सापडतो, तोही अडकित्त्यानं कातरून खाण्याजोगा. चौथे आमचे मामा, पाचवा मी.

पहिल्या मालकाचा दादरचा पत्ता कंपाउंडरांना आठवत होता. तिथं आता त्यांच्या कन्या राहतात, पंचाहत्तरीच्या. फोनवर म्हणाल्या, “वडिलांनी गाडीचा नंबर लावला तेव्हा मी अकरावीला होते. गाडी आली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. सासरी त्याच गाडीतून गेले. आणता का दाखवायला?”

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला, पण मांडव्याला रो-रो बोटीवर गाडी त्यांनीच चढवली. दादरला बाई काठी टेकत खाली आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत टॅक्सचं पुस्तक. पहिलीच नोंद १९७३ ची. पन्नास वर्षं सिद्ध झाली! मी तिथंच चिरंजीवांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

बाईंचं पुस्तकाकडे लक्ष नव्हतं. त्या गाडीला वळसा घालून डावीकडच्या मागच्या दाराशी गेल्या. ते दार म्हणजे आमच्या घरातलं रोजचं भांडण. तीनदा आपटल्याशिवाय लागत नाही. “धाकट्या भावानं शिकताना फाटकाला घासली होती,” त्या म्हणाल्या. मग आत बसल्या, दार किंचित वर उचललं आणि हलकेच ओढलं. एकदाच. लागलं.

“चला,” त्या चिरंजीवांना म्हणाल्या, “शिवाजी पार्कला एक फेरी मारून आणा.”