कधीकधी बंद पडणारी गाडी

घरातील एखादे यंत्र कायमचे बंद पडले, तर त्याची तक्रार करणे सोपे असते. पंखा फिरत नाही असे म्हटले की ऐकणारा विश्वास ठेवतो, कारण बटण दाबताच त्यालाही तेच दिसते. अवघड असते ते अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचे. जाणकार समोर आला की तो नेमका दडून बसतो आणि मग यंत्राऐवजी तक्रार करणाऱ्याकडेच संशयाने पाहिले जाते. मोटारसायकलच्या वायरिंगमध्ये असे बिघाड नेहमी होतात. तुमच्यापैकी अनेकजण कामावर, शेतावर किंवा अभ्यासकेंद्रावर गाडीनेच जात असाल, तेव्हा हा अनुभव तुम्हांला नवा नसेल.

आमच्या घरात तो माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला आला. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरात राहतो आणि तो अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. रात्रपाळीला निघाला की मुंबई-आग्रा महामार्गाखालच्या बोगद्यातून पलीकडे जायचे आणि डावीकडे अंबडच्या दिशेने वळायचे, हा त्याचा रोजचा रस्ता. त्या पावसाळ्यात गाडी वाटेत बंद पडू लागली. कधी दोन मिनिटांत सुरू होई, तर कधी वीस मिनिटे ढकलावी लागे. गॅरेजमध्ये नेली की मात्र पहिल्याच सेल्फला चालू. एका मेकॅनिकने प्लग बदलला, दुसऱ्याने बॅटरी बदलली, तिसरा म्हणाला, “लूज कॉन्टॅक्ट असेल, सगळं वायरिंगच नवीन टाका.” दरम्यान कारखान्यात तीनदा उशीर झाला आणि पर्यवेक्षकाने लेखी समज दिली. कंत्राटाचे नूतनीकरण दिवाळीत व्हायचे होते. घरीदेखील वडील एकदा म्हणून गेले, की गाडी फक्त पाळीच्या वेळीच कशी बंद पडते? त्या रात्री भावाने मला विचारले, “ताई, तुला तरी मी खोटं बोलतोय असं वाटतं का?”

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मल्टिमीटर हाताळण्याची मला सवय आहे. तरी आरंभी मी त्याला हात लावला नाही. भाऊ सगळ्यांना एकच वाक्य सांगत होता, “गाडी कधीकधी बंद पडते.” मराठीतले हे ‘कधीकधी’ बोलताना फार सोयीचे असते, परंतु शोध घेताना त्याचा काही उपयोग होत नाही. त्याचा एक ‘कधी’ सुटा करून त्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे लागते. मी त्याला शाळकरी वही दिली आणि गाडी बंद पडेल तेव्हा पाच गोष्टी लिहायला सांगितल्या: वेळ व जागा, पाऊस होता की नाही, इंजिन गरम की थंड, हँडल कुठे वळलेले होते आणि त्या क्षणी हॉर्न वाजतो का.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगते. आमच्या गाडीचे इग्निशन बॅटरीच्या विजेवर चालते. बॅटरीतून निघालेली वीज आधी फ्यूजमधून, मग चावीच्या स्विचमधून जाते आणि त्यापुढे तिला फाटे फुटतात: एक इग्निशनकडे, एक हॉर्नकडे, एक ब्रेकच्या दिव्याकडे. इंजिन बंद पडले आणि हॉर्न मात्र खणखणीत वाजला, तर बिघाड इग्निशनच्या फाट्यावर किंवा पेट्रोलच्या मार्गात शोधावा. इंजिनाबरोबर हॉर्नही मुका झाला, तर फाटे फुटण्याच्या आधीच कुठेतरी वीज तुटते आहे. एक बटण दाबून अर्धी गाडी संशयातून मुक्त होते, आणि त्यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही. (जुन्या पद्धतीच्या काही गाड्यांचे इग्निशन बॅटरीवर अवलंबून नसते. तिथे ही परीक्षा लागू पडत नाही.)

अडीच आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. पावसामुळे पाणी शिरत असावे, असा सर्वांचा समज होता. पण पाऊस होता तो चारच वेळा. इंजिन गरम होते आणि थंडही होते. हॉर्न मात्र अकराही वेळा वाजला नव्हता, आणि नऊ वेळा हँडल डावीकडे पुरते वळलेले होते. त्यांतल्या सहा नोंदी बोगद्यातून बाहेर पडतानाच्या वळणावरच्या होत्या. गाडी पाळीच्या वेळी का बंद पडते, या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. गॅरेजमध्ये तर गाडी हँडल सरळ ठेवून, उभ्यानेच चालू करून पाहत असत.

रविवारी गाडी पार्किंगमधून बाहेर मोकळ्यावर आणली. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवून असे काम करू नये, धूर जिवावर बेततो. मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवून हँडल हळूहळू डावीकडे नेले. शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात इंजिन अडखळले आणि थांबले. हँडल सरळ केले की पुन्हा सुरू. त्यानंतर हँडल न हलवता मानेजवळच्या वायरींच्या जुडग्यातली एकेक वायर अलगद ओढून पाहिली. चावीच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरीला हात लागताच इंजिन बंद.

येथे मल्टिमीटर फसवू शकतो, हे ध्यानात ठेवा. वायर सलग आहे का हे तपासताना तो तिच्यातून अगदी अल्प, मिलिअँपिअरच्या घरातला प्रवाह सोडतो. आतल्या पंधरा-वीस तारांपैकी एकच शाबूत असली, तरी तेवढा प्रवाह सुखेनैव जातो आणि मीटर ‘पी’ असा आवाज करून वायर निर्दोष ठरवतो. पण 35 वॅटच्या हेडलाइटला सुमारे 3 अँपिअर लागतात. वाटेत अर्ध्या ओहमचा रोध आला, तरी दीड व्होल्टच्या आसपास वीज तिथेच खर्ची पडते. म्हणून वायरीवर खरा भार टाकून पाहावे. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडला, की घरगुती टेस्ट लॅम्प तयार होतो. आमच्या वायरीवर मीटर बिनदिक्कत वाजला, बल्ब मात्र हँडल वळताच मंदावून विझला.

वायर वरून पूर्ण चांगली दिसत होती. पूर्वी कोणीतरी हॉर्न बदलताना ती प्लॅस्टिकच्या टायने फ्रेमला करकचून बांधली होती, त्यामुळे प्रत्येक वळणाला ती एकाच जागी दुमडत राहिली आणि आतल्या तारा एकेक करून तुटल्या. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवून आम्ही तेवढा तुकडा कापला आणि त्याच जाडीची नवी वायर घातली. दोन्ही जोड मानेच्या वळणापासून दूर घेतले, कारण डाग दिलेली जागा ताठर होते आणि वाकत राहिली तर तिच्या कडेलाच पुन्हा तुटते. वर आकसणारी नळी चढवली आणि वायरीला थोडी ढील ठेवली. फ्यूज होता तेवढ्याच अँपिअरचा ठेवला. मोठा फ्यूज घालून प्रश्न मिटवण्याची रीत वायरिंग जाळणारी आहे.

तुमच्या गाडीत दोष याच जागी असेल असे नाही. बॅटरीची सैल टोके, हिरवट थर चढलेले कपलर आणि फ्रेमला लागणारे अर्थिंग ही त्याची आवडती ठिकाणे. अर्थिंगसाठी मीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर धरून हॉर्न वाजवा. आकडा शून्याजवळ राहायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर तो बोल्ट उघडा आणि घासून स्वच्छ करा.

भावाने कापलेला तुकडा आणि वही, दोन्ही कारखान्यात नेली. पर्यवेक्षकाने तुकडा वाकवून पाहिला, आतल्या तुटलेल्या तारा पाहिल्या आणि वही चाळली. लेखी समज फाइलमधून निघाली नाही. कंत्राट मात्र दिवाळीनंतर पुढे चालू राहिले. वडिलांनी त्या संध्याकाळी गाडी स्वतः बाहेर काढली, अंगणात डावीकडे दोन फेऱ्या मारल्या आणि काही न बोलता चावी भावाच्या हातात दिली.

अलीकडे ब्रेकचा दिवा पेटला की पेटलेलाच राहतो. वहीत त्याच्या तीन नोंदी झाल्या आहेत, तिन्ही गाडी धुतल्यानंतरच्या.