वाडीचा काळा-पांढरा फोटो

वाचकहो, खते-फवारणी सोडून हा माणूस आज फोटोचे काय घेऊन बसला, असे तुम्ही म्हणाल. पण ज्यांच्या घरामागे नारळ-पोफळीची वाडी आहे, त्यांनी ही हकिगत जरूर वाचावी.

माझ्याकडे पन्नास मिलिमीटरची एक जुनी लेन्स आहे. तिला आपोआप काही येत नाही. अंतर कडे फिरवून जुळवायचे, उजेडाचे छिद्रही हातानेच लहानमोठे करायचे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला जोडकडे लावून मी ती बसवली आहे. रोगट पानाचा फोटो रंगीतच हवा, त्याशिवाय पिवळेपणा कळत नाही. ते झाले कामाचे. काळे-पांढरे फोटो माझ्या हौशीचे.

रंग गेला की डोळा फसतो. पहिल्यांदा लाल जास्वंद टिपली, तर फूल आणि पाने एकाच करड्या छटेची. फूल शोधावे लागले! काळ्या-पांढऱ्या रोलच्या काळातले लोक लेन्सपुढे लाल काच लावत. मग फूल उजळते, पाने काळवंडतात. पोफळीच्या खोडावरची वलये आणि तिच्यावर चढलेली मिरवेल मात्र सकाळच्या तिरप्या उन्हात काहीही न करता खुलते. भर दुपारी जाऊ नका, कवडशांचे नुसते पांढरे डाग पडतात. जवळच्या वस्तूसाठी कडे एकदा फिरवून ठेवावे आणि आपणच बोटभर पुढे-मागे व्हावे. खारा वारा पान हलवतच असतो, तो पडेपर्यंत थांबायचे. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा, असे गावोगाव सांगत हिंडणाऱ्या माझ्याच लेन्समध्ये एका वर्षी बुरशीचे जाळे धरले होते!

असो. 2019 च्या हिवाळ्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या एका काकूंच्या वाडीत मी तीन सकाळी फोटो काढले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. पोफळी मधोमध मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले. पंधरा दिवसांनी गेलो, तेव्हा काकूंनी विचारले, "साहेब, एवढे फोटो काढलेत, त्यात माझी वाडी आहे का हो?"

घरी येऊन सगळे फोटो पाहिले. वलये होती, जास्वंद होती, विहिरीची पायरी होती. वाडी नव्हती. छिद्र दोनवर पूर्ण उघडून मी मागचे सारे मुद्दाम धूसर केले होते. त्यालाच मी कला समजत होतो. एका फोटोत जास्वंदीमागे पोफळींच्या पुसट रेघा होत्या, तो छापून नेला. काकूंनी त्या रेघांवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "ही सासूबाईंनी लावलेली ओळ." पुढे काही बोलल्या नाहीत. मलाही बोलवेना.

तेव्हापासून कुठल्याही वाडीत शिरलो की पहिला फोटो छिद्र अकरावर ठेवून, विहिरीपासून कुंपणापर्यंत सारे स्पष्ट दिसेल असा काढतो. हौस त्यानंतर. तुम्हीही मोबाईलवर का होईना, असा एक काढून, छापून घरात लावा.

काकूंनी त्याच पावसाळ्यात केळीच्या सावलीत पोफळीची रोपे लावली. दरवर्षी दिवाळीनंतर मी विहिरीच्या त्याच पायरीवर उभा राहून फोटो काढतो. गेल्या खेपेस काकू म्हणाल्या, "तुमची जास्वंद येऊ दे हो, पण कोपऱ्यात."